ओट्याखालचे नाव

गिरणी बंद पडल्यावर मी नावे पुसण्याचे काम धरले.

गिरणीत मी घडी खात्यात होतो. ताग्याच्या टोकाला गिरणीचे नाव छापणे एवढेच माझे काम. संप लांबला, पुढे तो संपही राहिला नाही, नुसते बंद दार राहिले. परळची खोली सोडून आम्ही घाटकोपरच्या डोंगरावरील एका चाळीत आलो. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर एका ख्रिस्ती दफनभूमीच्या भिंतीला लागून संगमरवराची वखार होती. तेथे घोटाईसाठी माणूस हवा होता. पन्नाशीला आलेल्या माणसाने काम निवडायचे नसते.

वखारीत कबरींचे दगड तयार होत. आमच्या कोकणात मेलेल्या माणसाचे काही उभे करीत नाहीत. राख पाण्यात जाते आणि नाव मुलाच्या तोंडात राहते. श्राद्धाच्या दिवशी बाप, आजा आणि पणजा यांची नावे घेतात. त्यामागचा माणूस सुटतो. दगडावर नाव कोरून ठेवणारे लोक मी प्रथम तेथे पाहिले, आणि त्यांच्यातही एकमत नाही हे लवकरच कळले. ख्रिस्ती गिऱ्हाइकांना क्रूस हवा असे, काहींना फोटो बसवायला गोल खाच हवी असे. अलिबागकडचे ज्यू येत. ते आमच्यासारखेच मराठी बोलत, वरच्या ओळी हिब्रूत आणि खालच्या मराठीत कोरून घेत. कबरीला भेट देताना ते फुलांऐवजी दगडावर एक लहान खडा ठेवतात, असे त्यांच्यातील एका गृहस्थांनी सांगितले. मुसलमान गिऱ्हाइके साधी पाटी मागत. कोरणारा कारागीर स्वतः मुसलमान होता, त्याला सारे उस्ताद म्हणत. इतरांसाठी आयुष्यभर दगड कोरणाऱ्या त्या माणसाला स्वतःसाठी दगड नको होता. "हमारे लिए कच्ची कब्र अच्छी," तो म्हणे. "बारिश में बैठ जाए, घास उग आए, बस. छुट्टी."

उस्ताद नावे कोरी आणि मी पुसत असे. कारण दगड परत येत.

मुंबईत मेलेल्यांनाही जागा पुरत नाही. त्या दफनभूमीत थोड्या घराण्यांच्या कायमच्या कबरी होत्या. बाकीच्यांना जागा काही काळापुरती मिळे. मुदत संपली की हाडे वर काढीत, ती भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामाईक खड्ड्यात जात, आणि त्या मातीत पुढचा माणूस येई. दगड मात्र कोठेच जात नसे. कोनाड्यात तो मावत नाही. एका खोलीत सहा माणसे राहत असतील तर घरीही मावत नाही. मग घरचे लोक तो आमच्या मालकाला देऊन टाकीत.

अशा दगडाचे दोन मार्ग होते. अक्षरे उथळ असली तर मी पाणी आणि दगड घासायची कार्बोरंडमची वडी घेऊन बसे. प्रथम लहान अक्षरे जात, मग साल, शेवटी आडनाव. सपाट झालेला दगड दुसऱ्या कोणासाठी उभा राही. अक्षरे खोल असली तर घोटण्यात दगडच संपतो. असा दगड उलटवून त्याची पाठ घोटायची आणि तो स्वयंपाकाच्या ओट्यासाठी द्यायचा. बोरिवली, मालाड, मुलुंड, सगळीकडे इमारती उठत होत्या आणि प्रत्येक घराला ओटा हवा होता. किती घरांत लोक कोणाच्या नावावर पोळ्या लाटत आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही सांगत नव्हतो. विचारलेही कोणी नाही.

दिवसभर पाण्यात हात ठेवून मी बसलेला असे. समोर दफनभूमीची भिंत आणि पाठीमागे रस्ता. दगडाचा पांढरा भुगा सदऱ्यात, कानांत, जेवणाच्या डब्यात जाई. गिरणीत निदान भोंगा वाजे. येथे दिवस संपल्याचे कोणी सांगत नसे.

एका पावसाळ्याच्या अखेरीस एक म्हातारी वखारीच्या फाटकाशी येऊन बसू लागली. चौकड्यांचे लुगडे, कानांत जड सोने, पायांत काही नाही. मरोळच्या जुन्या गावठाणातली ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांपैकी बाई होती. तिच्या नवऱ्याची शेते आता कारखान्यांखाली होती. नवऱ्याच्या कबरीची मुदत संपली होती. हाडे कोनाड्यात गेली होती आणि दगड आमच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवला होता. ती भाच्याच्या घरात एका कोपऱ्यात राहत असे. भाच्याने सांगितले होते की घरात माणसे की दगड, एकच काय ते राहील.

ती येई, दगडासमोर बसे, हात लावी आणि जाई. तिला वाचता येत नव्हते. नवऱ्याचे नाव ती बोटाने ओळखत असे. नावाच्या खाली बरीच जागा मोकळी होती.

"यो माजे मानसाचा दगड हाय," तिने मला पहिल्याच दिवशी सांगितले. "खाली जागा हाय ती माजी."

मी मान हलवली आणि काम चालू ठेवले.

अक्षरे खोल होती. तिनेच ती खोल कोरून घेतली होती, पावसाने पुसली जाऊ नयेत म्हणून. त्यामुळे तो दगड माझ्या हातून वाचला आणि त्यामुळेच तो उलटवला जाणार होता.

मालक राजस्थानातले, वीस वर्षे मुंबईत काढून त्यांनी एक स्वतःची मराठी तयार केली होती. एके दिवशी ते अंगणात आले.

"काका, हा किती दिवस ठेवनार? अक्षर खोल हाय, घासून जानार नाय. पलटी मारा आनि बोरिवलीला पाठवा. ओट्याचा माप आलाय."

म्हातारी तेथेच बसली होती. तिने मालकाकडे न पाहता मला विचारले, "बोरिवलीला कोनाचे घरा?"

"मावशी, ते आमाला काय माहीत?" मालक म्हणाले. "नवी बिल्डिंग हाय. जो राहील तो."

"मना घर दाखव. मी जाईन तिकडं."

मालक हसले. "जानार आनि काय बोलनार? 'बाई, जरा सरका, मला तुमच्या ओट्याखाली हात घालायचाय', असा? पोलीस बोलावतील, मावशी."

उस्तादही हसला. ती हसली नाही. दगडाच्या कडेवरून तिने हात काढला नाही.

मालक आत गेल्यावर तिने मला विचारले, "दादा, तुज्या घरा ओटा हाय का रे?"

नव्हता. आजवर आमचा स्वयंपाक जमिनीवर, रॉकेलच्या स्टोव्हवर होत आला होता. गॅससाठी नाव नोंदवून वर्षे झाली होती आणि त्याच महिन्यात नंबर लागला होता. गॅसची शेगडी उंचावर ठेवावी लागते. गवंड्याशी बोलणेही झाले होते. फक्त फरशी घ्यायची राहिली होती. मी तिला 'आहे' एवढेच सांगितले असते तर विषय संपला असता.

"नाही," मी म्हणालो. "घालायचा आहे."

एवढे बोललो आणि अडकलो.

ती म्हणाली की हाच घे. दगड उलटा असला तरी चालेल. वर्षातून एकदा, मेलेल्यांच्या दिवशी, ती येऊन हात लावून जाईल. पाणीसुद्धा मागणार नाही. आणि ती गेली की उस्तादाला सांगून मोकळ्या जागेत तिचे नाव घालून घे. या शेवटच्या गोष्टीला मी हो म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही. तिने त्याचा अर्थ हो असा घेतला. मालकांनी तो दगड मला दिवाळीच्या बक्षिसाऐवजी दिला आणि उपकार केल्यासारखे हातगाडीवर चढवून दिला.

चाळीत दगड आला तेव्हा बायको दारातच उभी होती. ती मालवणकडची. मुंबईत निम्मे आयुष्य गेले तरी रागाची भाषा बदलली नव्हती.

"ह्यां काय?"

मी सांगितले.

"मेलेल्या मान्साचो दगड? गॅस येतलो, गॅस येतलो म्हणान वरसां गेली, आणि आता इलो तो मेलेल्याच्या उरार ठेवचो?"

 दगडाकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग पदर खोचून बाजूला झाली.

"अक्षरां खाली घाला. आणि देवाचा मी ह्येच्यार रांधूचंय नाय. आधीच सांगतंय."

तिने ते पाळले. रोजचा भात, आमटी, भाकरी ओट्यावर होई. गणपतीचे मोदक, नवरात्रातला नैवेद्य आणि श्राद्धाची खीर जमिनीवर, जुन्या स्टोव्हवर. सणाचा दिवस आला की ती पुन्हा जमिनीवर बसे आणि उठताना गुडघ्यांवर हात ठेवून माझ्याकडे पाही.  शेजारणी विचारीत की एवढा पांढराशुभ्र ओटा असताना खाली का बसता? ती म्हणे, सवय.

मेलेल्यांचा दिवस नोव्हेंबरच्या आरंभी येतो. पहिल्या वर्षी त्या दिवशी म्हातारी डोंगर चढून आली. हातात मेणबत्त्या आणि काड्यापेटी. ओट्याखाली सिलेंडर होता. तिने मेणबत्ती तेथेच लावायला घेतली.

"बाये, नको गे थंय!" बायको धावली. "सिलेंडर आसा. घर उडतला."

"मंग कुठं लावू?"

"भायर. उंबऱ्यार."

मी सिलेंडर सरकवून दिला. ती पाटावर बसली आणि एक हात ओट्याखाली वर नेला. डोके वाकवले नाही. गाभण गाईच्या पोटाखालून हात फिरवावा तसा तो हात तिने फिरवला. क्रूस सापडला, मग नाव सापडले. नावावरून बोट एकदा गेले आणि खालच्या मोकळ्या जागेत येऊन थांबले. वर ओट्यावर आमच्या आमटीला कढ येत होता. बायकोने तो गॅस बंद केला. 

जाताना म्हातारीने उंबऱ्याबाहेर मेणबत्ती लावली. ती वाऱ्याने लगेच विझली. तिने पुन्हा लावली.

त्या वर्षानंतर बायको त्या दगडाला 'ओट्यावालो' म्हणू लागली. पितृपक्षात आमच्या पितरांचे पान वाढून झाले की ती एक लहान पान वेगळे काढी आणि कावळ्यांना ठेवी. "आमी त्येच्यार वरीसभर जेवतो," ती म्हणे. "त्येकाय कायतरी नको?" म्हातारीच्या पुढच्या भेटीत तिने हे सांगितले. म्हातारीने विचारले की पानात काय वाढतेस. वरण, भात, खीर, वडे, असे उत्तर मिळाले. म्हातारीला मी हसताना पाहिले ते तेव्हाच.

"बाय गो, तो सुक्याबिगर कवा जेवला नाय. वरण बगून उठून जायचा."

"श्राद्धाक मासळी? शिव शिव."

"मंग उपाशी असल तो."

पुढच्या वर्षी बायकोने रोजच्या स्वयंपाकातले सुकटीचे दोन तुकडे त्याच्या पानाच्या कडेला ठेवले. आमच्या पितरांच्या पानापासून ते पान तिने दूर मांडले. कावळे आधी तिकडे गेले. 

अशी काही वर्षे गेली. मी नावे पुसत होतो. खोकला लागला, तो राहिला. चाळीत पाणी पहाटे येई आणि सामाईक नळावरून वर वाहावे लागे. बायकोचे गुडघे गेले होते. त्याच सुमारास आमच्या मुलाला मुलुंडच्या एका कारखान्यात कायमची नोकरी लागली आणि जवळच एका इमारतीत जागा पाहण्यात आली. दोन खोल्या, घरात नळ, घरात संडास. चाळीची खोली विकायची आणि तिघांनी तिकडे जायचे असे त्याने ठरवले. खोलीला गिऱ्हाईकही मिळाले. गिऱ्हाइकाने खोली फिरून पाहिली, ओट्यावर बोटाने टकटक केली आणि तो म्हणाला, "हे तोडून टाकू. आपण काळा ग्रॅनाइट घालू."

बायको माझ्याकडे पाहत होती. मी खिडकीबाहेर पाहिले.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला बोलावले. दगड ओट्यातून अखंड काढता येईल का, एवढेच मला कळायला हवे होते. त्याने खालून हात घातला, कडा तपासल्या, सिमेंट खरवडून पाहिले.

"निघेल," तो म्हणाला. "पण सरळ निघेल असं नाही सांगत. दगड पातळ आहे, सिमेंट खोल गेलंय. मधून गेला तर मला बोलायचं नाही."

मुलगा म्हणाला, "बाबा, फोटो काढून घेऊ अक्षरांचा. तिला देऊ."

"ती वाचत नाही," मी म्हणालो.

"मग काय आपण सगळे त्या दगडासाठी इथे बसून राहायचं?"

 त्याचा प्रश्न बरोबर होता. ज्याचे मी तोंडही पाहिले नाही असा एक परका माणूस माझ्या स्वयंपाकघरात पालथा पडला होता, आणि त्याच्यामुळे माझ्या बायकोला पाण्याची कळशी घेऊन डोंगर चढावा लागत होता. माझ्या बापाची राख तर कोणत्या लाटेत गेली हेही मला ठाऊक नाही. त्याने मला कोठेही बांधून ठेवले नाही.

बायको त्या दिवसांत तोंडाने थांबत नसे. "मुलुंडाक नळ घरात आसा. मी काय ह्याच दगडाखाली पुरून घेव?" भाकरी थापताना ती हे म्हणे, आणि पीठ त्याच दगडावर आपटे.

शेवटी एवढे ठरले की नोव्हेंबरपर्यंत थांबायचे. म्हातारी आली की तिला सारे सांगायचे आणि तिनेच ठरवावे: दगड काढून पाहायचा, की आहे तसा सोडून द्यायचा. गिऱ्हाईक कुरकुरले, पण थांबले. तिने सोडून दे म्हटले असते तर मी मोकळा होतो. तिने तसे म्हणावे अशी माझी इच्छा होती. हे लिहिण्यात मला संकोच वाटत नाही.

मेलेल्यांचा दिवस आला. सकाळीच बायकोने सिलेंडर बाहेर काढला आणि पाट मांडला. मी कामावर गेलो नाही. मुलगा दाराशी वर्तमानपत्र घेऊन बसला होता. दुपार झाली. चाळीच्या पायऱ्यांवर कोणी आले की आम्ही तिघेही वर पाहत असू. दिवेलागणीपर्यंत ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मरोळला गेलो. भाच्याच्या घराच्या जागी पत्र्याचे कुंपण होते आणि आत खांब उभे राहत होते. समोरच्या ओसरीवर एक बाई मासे साफ करीत होती. तिला विचारले.

"घर बिल्डरला दिलं. ते समदे वसईला गेले."

"आणि म्हातारी?"

"नेली ना तिलाबी. पायान चालवत नवतं तिला."

"जिवंत आहे?"

"जाताना तर होती." तिने पाणी टाकले. "नंतरचं मना काय ठाव?"

वसईत कोठे, हे तिला माहीत नव्हते. दफनभूमीच्या कचेरीत विचारले; तेथेही कोणाला माहीत नव्हते. मी उस्तादालाही सांगितले. तो म्हणाला, "नाम डालना हो तो तारीख चाहिए, काका. मरने की खबर के बगैर कैसे डालूँ?" ते खरे होते. तिचे नाव कोरावे तर ती मेल्याची खात्री नव्हती. दगड सोडून द्यावा तर ती येणारच नाही याचीही खात्री नव्हती.

घरी आलो. जे कळले ते मुलाला आणि बायकोला सांगितले. गिऱ्हाईक आठवड्याच्या शेवटी पैसे घेऊन येणार होते. मुलगा म्हणाला, "म्हणजे आता प्रश्न सुटला. ती काही वसईहून हा डोंगर चढायला येत नाही."

मीही तेच म्हणणार होतो. शब्द तयार होते.

बायको ओट्यापाशी उभी होती. सिलेंडर अजून बाहेरच होता. तिने तो आत घेतला नव्हता, सकाळपासून स्टोव्हवरच रांधले होते. तिने ओट्याखाली हात घातला. इतक्या वर्षांत तिने तेथे हात लावलेला मी पाहिला नव्हता. थोडा वेळ बोटांनी चाचपत राहिली. तिलाही वाचता येत नाही.

"ती येतली," ती म्हणाली. "रिक्षान येयत, कोणाच्या खांद्यार येयत. इली आणि हयसर दुसरीच माणसां आसली, तर हात खंय लावतली?"

"आये, तुलाच जायचं होतं ना मुलुंडला?" मुलगा म्हणाला.

"तू जा. लगीन कर, संसार कर. आमी मागसून येतो."

"कधी?"

ती सिलेंडर आत ओढू लागली. तो तिला ओढवेना, म्हणून मी उठून हात लावला. आम्ही दोघांनी तो ओट्याखाली त्याच्या जागी बसवला आणि तिने शेगडीची नळी जोडली.

गिऱ्हाइकाला मी नकार कळवला. मुलगा त्याच महिन्यात मुलुंडला गेला.

सोमवारी मी वखारीत गेलो. घोटाईच्या चौथऱ्यावर एक दगड आणून ठेवलेला होता. अक्षरे उथळ होती. मी पाणी ओतले, वडी हातात घेतली आणि खालच्या ओळीपासून सुरुवात केली.